एक अश्वशक्ती, चार बैल

बैलगाड्याची बारी बारा सेकंदांत आटोपते. ती बघायला जायची तयारी आमच्या घरात होळीपासून चालू होती, आणि यात्रा होती चैत्रातली.

आमंत्रण मेव्हण्याचं. पारनेर तालुक्यात, पार जुन्नरच्या हद्दीला टेकलेलं त्याचं गाव, म्हणजे माझी सासुरवाडी. यात्रेला आम्ही दर वर्षी जातो. पण जावयाची यात्रा वेगळी असते. देवाला नारळ, मग पुरणपोळी, तिच्यावर दुपारची झोप आणि दुसऱ्या दिवशी मटण. झोपेत लांबून कर्ण्याचा आवाज यायचा, मधूनच कोणीतरी "भिर्रर्र" असं ओरडायचं आणि मी कूस बदलायचो. यंदा मेव्हण्याने फोनवरच धरलं. "दाजी, किती वर्षं नुसतं जेवून जानार? यंदा आपला गाडा पळायचाय. घाटात यायचं म्हंजे यायचं."

"येतो की," म्हणून मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. लग्नाला काय घालून जावं, मयताला किती वेळ बसावं, हे आपल्याला कोणी न सांगता कळतं. पण बैलगाड्याच्या घाटात पहिल्यांदा जाणाऱ्या नगरच्या सावेडीतल्या माणसाने कुठे उभं राहावं, काय बोलावं, डोक्यावर काय घालावं?

मी सोसायटीत चौकशी केली. आमच्या सोसायटीत पाणी रोज येत नाही, सल्ला येतो. तळमजल्यावरचे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "सोपं आहे. एका वेळी पाच-सात छकड्या सुटतात. प्रत्येकीला दोन बैल, वर हाकणारा बसलेला. आधी गट, मग सेमी, मग फायनल. तुम्ही आपले थेट फायनलला जा, उन्हं उतरल्यावर." दुसऱ्या मजल्यावरचे भंडाऱ्याचे. त्यांनी मान हलवली. "शंकरपट म्हणतात त्याला. दोन जोड्या शेजारी-शेजारी पळतात. आणि खरी मजा रात्रीच्या नाटकाची. झाडीपट्टीचं नाटक चुकवू नका, तिकीट आधी काढा." मी मेव्हण्याला फोन करून नाटकाच्या तिकिटाचं विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडं तमाशा असतोय दाजी. पन त्यो तुमाला ताई बघू द्यायची न्हाई."

तेव्हा उमगलं की महाराष्ट्रात बैल सगळीकडे पळतात, पण प्रत्येक जिल्ह्यात वेगळ्या नियमाने पळतात. आमच्याकडचा प्रकार जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांचा आणि त्यांच्या शेजाराने आमच्या पारनेरचा. घाट म्हणजे चढाची सरळ धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, आणि त्याची शर्यत असते ती घड्याळाशी. मागे धुरीची जोडी, पुढे जुकाटाची जोडी, त्यांच्याही पुढे घोडी आणि घोडीवर स्वार. आणि गाड्यात? गाड्यात कोणीच नाही. दोन चाकांचा हलका सांगाडा, त्याला हाकणारा नाही, लगाम धरणारा नाही. खाली दहा-वीस माणसं लोंबकळून बैल धरून ठेवतात, सोडतात, आणि वरच्या टोकाला तितकीच माणसं ते पकडायला जिवावर उदार होऊन उभी असतात. मधल्या वेळात कारभार पूर्णपणे बैलांच्या हाती. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था याच तत्त्वावर चालतात, पण त्या चढाला इतक्या वेगाने जात नाहीत.

हे सगळं जेवताना सांगितलं तर चिरंजीवांनी मोबाईलमधून मान वर काढली. हा प्रसंग आमच्या घरात क्वचित येतो. "पप्पा, हे तर ड्रॅग रेसिंग आहे!" आणि मग त्याने मला जे ज्ञान दिलं ते सगळं इथे देत नाही, पण तयारीचा भाग म्हणून मी ते ऐकलं. अमेरिकेत १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथल्या विमानतळावर अशी धावपट्टी सुरू झाली, पुढच्याच वर्षी त्यांची संघटना झाली. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ. वळण नाही, डावपेच नाहीत. उभ्या जागेवरून सुटायचं आणि टोक गाठायचं. सुटायचा इशारा द्यायला दिव्यांचा खांब असतो, त्याला ते ख्रिसमस ट्री म्हणतात. सगळ्यांत दांडग्या गाड्या आता पाव मैलही पळत नाहीत, हजारच फूट पळतात, कारण त्यापुढे त्यांना थांबवणं अवघड जातं. पावणेचार सेकंदांच्या आसपास खेळ खलास, आणि मग मागून पॅराशूट उघडतं. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर मोटारी अशा पळवतात, तिथे त्याला जायचं होतं, मी त्याला सोडलं नव्हतं, हा मुद्दाही त्याने यात बसवला.

"त्या गाडीला अकरा हजार हॉर्सपॉवर असते," तो म्हणाला. "तुमच्या गाड्याला किती?"

मी हिशेब केला. चार बैल आणि एक घोडी. म्हणजे नेमकी एक अश्वशक्ती; बाकीची शक्ती या मापात धरतच नाहीत.

वेगाशी नगरचं (आताच्या अहिल्यानगरचं; पण एसटीच्या फलाटावर अजून सगळे नगरच ओरडतात) नातं तसं सरकारी आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, इथेच आहे. तिच्या चाचणीच्या पट्ट्यांवर लष्कराची वाहनं पळवून बघतात. पण आपल्यासारख्याला आत पळता येत नाही, बघताही येत नाही. रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे तिकीट काढून खुशाल जाता येतं. तिथले रणगाडे मात्र जागचे हलत नाहीत. तेव्हा सामान्य नगरकराला फुकटात वेग बघायचा असेल तर यात्रेचा घाट, नाहीतर पुणे महामार्ग ओलांडायला उभं राहणं, एवढेच दोन मार्ग उरतात.

कपड्यांचा प्रश्न सगळ्यांत जास्त चर्चिला गेला. पांढरा शर्ट घालावा तर गुलालाने वाटोळं होणार. रंगीत घालावा तर फोटोत मी पाहुणा दिसणार, कारण घाटात मानाची माणसं पांढऱ्यातच असतात. माझ्याकडे एक लाल टी-शर्ट होता. त्यावर तळमजल्याने तातडीने हरकत घेतली, "लाल? बैल अंगावर येईल!" वास्तविक बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. स्पेनमधला बैल चवताळतो तो कापड हलतं म्हणून. पण हे मी पुस्तकी सांगत बसलो असताना सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याच्या शिंगाला लाल रंग, कपाळाला गुलाल, पाठीवर लाल झूल. लाल बघून तो मारत असता तर आधी शेजारच्या बैलाला मारला असता. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या आणि गप्प बसा."

ही बाई या सगळ्या तयारीत अशी अलिप्त होती. तिच्या माहेरी तीन पिढ्या गाडा आहे. वासरू दावणीला आल्यापासून त्याला गोंजारायचं, पाणी दाखवायचं, खुराक कालवायचा, हे तिने लग्नापर्यंत केलेलं. पण घाटात ती कधी गेली नव्हती. तेव्हा बायका जात नसत. आई, चुलत्या, सगळ्या पोरी माळवदावर चढून बसायच्या. घाट टेकडीच्या आड, म्हणजे दिसायचं काहीच नाही. फक्त कर्णा ऐकू यायचा. निशाण पडल्याचा गलका झाला की अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत सेकंद मोजायचे. चार बोटांची पेरं बारा. करंगळीपासून सुरू करून तर्जनीचं शेवटचं पेर यायच्या आत वरच्या टोकाकडून आरोळी उठली, तर गाडा चांगला आला. पेरं संपली तर त्या संध्याकाळी घरात कोणी फार बोलायचं नाही, हे पुरुष घरी येण्याआधीच बायकांना ठाऊक असायचं.

आता बायका घाटात जातात. तेव्हा पहिल्यांदा जाणारे आम्ही दोघं होतो, पण तयारी फक्त मला लागत होती.

मेव्हण्याने फोनवरून माझे वर्ग घेतले. पहिला धडा, किंमत विचारायची नाही. सांगितलेला आकडा ऐकून शहरी माणसाचं तोंड उघडं पडतं आणि मालकाला ते आवडतं, म्हणून पुढच्या माणसाला तो आणखी मोठा आकडा सांगतो. असे बैलांचे भाव वाढतात. दुसरा धडा, बैलाला बैल म्हणायचं नाही, नावाने बोलायचं. तिसरा, "कोण जिंकेल?" असं विचारायचं नाही, कारण इथे एक कोणी जिंकत नाही. अकरा सेकंदांत जे आले ते सगळे पहिल्या नंबरात, बारात आले ते दुसऱ्या, तेरात आले ते तिसऱ्या. बक्षीस त्या-त्या नंबरातल्या सगळ्यांत वाटून घ्यायचं. दिवसातला सगळ्यांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा. ही पद्धत मला मनापासून आवडली. शाळेत असताना असती तर मीही पुष्कळदा पहिला आलो असतो.

खुराकाचा धडा मात्र जिव्हारी लागला. शेंगदाण्याची पेंड, उडदाची डाळ, गव्हाचं पीठ, दूध, अंडी, खारीक, वर बदाम. "तूप बी देतो, पन मोजून," मेव्हणा म्हणाला. माझ्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मला ज्या पदार्थांची यादी करून वर काट मारली होती, ती बहुतेक जशीच्या तशी माझ्या सासुरवाडीच्या गोठ्यात पोचली होती. आणि हे खाऊन तो काम काय करतो, तर वर्षातून मोजके दिवस, बारा-बारा सेकंद. नांगराला, मोटेला खिलार लागायचा तो काळ गेला. शेतात ट्रॅक्टर आला आणि बैल बेकार झाला. त्यात गंमत अशी की मोठ्या घाटांत आता बक्षिसं यंत्रांची असतात. मोटारसायकल तर किरकोळ झाली. २०२२ साली पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या घाटात पहिलं बक्षीस चक्क जेसीबी होतं. बोलेरो, ट्रॅक्टर त्याच्या खालोखाल. जिवाच्या आकांताने धावून बैलाने जिंकायचं काय, तर ज्याने आपली नोकरी घालवली तोच ट्रॅक्टर. आणि तो दावणीच्या शेजारी उभा राहणार, छपराखाली. बैल तसाच बाहेर.

चौथा धडा कायद्याचा. तो मी मागितला नव्हता, पण गाडामालकाला कायदा विचारावा लागत नाही. हा माझा मेव्हणा दहावीला इतिहासात अडकला होता, सनावळ्या पाठ होईनात म्हणून. त्याने मला एका दमात सांगितलं. सात मे २०१४, सर्वोच्च न्यायालयाची बंदी. सात जानेवारी २०१६, केंद्राची अधिसूचना निघाली, गावात पेढे वाटले. बारा जानेवारी २०१६, अधिसूचनेला स्थगिती. पेढे संपले नव्हते. २०१७, राज्याने कायदा केला, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती पुन्हा अडवल्या. सोळा डिसेंबर २०२१, सर्वोच्च न्यायालयाची अटींवर परवानगी. अठरा मे २०२३, घटनापीठाने कायदा उचलून धरला. "घटनापीठ, दाजी. पाच न्यायमूर्ती. आपल्या बैलासाठी." इतक्या अभिमानाने तो स्वतःच्या लग्नाचीही तारीख सांगत नाही. त्या सात-साडेसात वर्षांत त्याने बैल विकले नाहीत. पळायचं तर नाही आणि खायचं तर आहे, असे दोन सभासद आणखी घरात होते, असं सासूबाई तेव्हा म्हणायच्या, आणि दुसरा कोण ते सांगायच्या नाहीत.

अटी त्याने सांगितल्या त्या मला पटल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, धावपट्टी फार तर हजार मीटर. आणि काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका तर मुळीच नाही. जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बंदीच्या आधी काही घाटांत शेपटी चावण्यापर्यंत मजल जायची, हे गावातलेच लोक आता खालच्या आवाजात सांगतात. ते ज्याने पाहिलं त्याला न्यायालयाचा राग येणार नाही. मेव्हण्याला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "म्या बी कवा मारलं न्हाई. मारलेला बैल एक बारी पळतो. खाऊ घातलेला धा वर्षं पळतो." आता हे भूतदयेचं बोलणं की हिशेबाचं, ते मी विचारलं नाही. बैलाला फरक पडत नसावा.

निघायच्या दिवशी गाडीत टोप्या, छत्री, गॉगल, दोन बाटल्या इलेक्ट्रॉलचं पाणी, कानात घालायला कापूस, चिरंजीवांचं वेळ मोजायचं ॲप आणि शेजाऱ्यांनी दिलेली दुर्बीण एवढं सामान होतं. डबा सौभाग्यवतींनी करू दिला नाही. यात्रेला डबा घेऊन गेलेला जावई तिच्या माहेरच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नव्हता. भाळवणी गेली, टाकळी ढोकेश्वर गेलं. कल्याणच्या रस्त्यावर पुढेमागे टेम्पोंतून झुली घातलेले बैल चाललेले. मोटारीतून बघताना जाणवतं, त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नसते. एका टेम्पोत बैलामागे पंखा लावला होता. आमच्या गाडीचा एसी बिघडलेला.

घाटात पोचल्यावर पहिला शोध असा की इथे शर्यत हा किरकोळ भाग असतो. एक बारी होते आणि मग पुढचा गाडा जुंपेपर्यंत माणसं भेटतात. कोणाच्या मुलीचं ठरलं, कांद्याला काय भाव मिळाला, पाटाला आवर्तन कधी सुटणार, कोणाचा गुडघा कुठे बदलला. तेवढ्यात समालोचक गाडामालकाचं नाव, गाव, त्याच्या आजोबांचं नाव, त्याच्या धाकट्या भावाचं पद आणि आमदार कोणाच्या ओळखीचे आहेत ते सांगतो. हे सगळं सांगायला लागणाऱ्या वेळात तो गाडा सहज वीस वेळा वर-खाली झाला असता. ऊसरसवाला, भेळवाला, टोपीवाला. माझी टोपी बघून टोपीवाला हसला आणि त्याने मला दुसरी विकली. चिरंजीव वरच्या टोकाला जाऊन उभा राहणार होता, कारण ड्रॅग रेसिंगमध्ये म्हणे शेवटच्या रेषेजवळ जागा घेतात. मेव्हण्याने त्याला दंडाला धरून बाजूला, उंचवट्यावर बसवला. "तुज्या मोटारीला ब्रेक असतो. ह्याला ब्रेक म्हंजे आमी." ज्याच्यात चालक नाही त्याच्या समोर उभं राहायचं नाही, एवढा एक नियम घाटात जाणाऱ्या प्रत्येकाने घरून पाठ करून यावा, बाकीचं सामान नसलं तरी चालेल.

आमचा गाडा दुपार कलल्यावर लागला. खाली धुराळ्यात मेव्हणा दिसेनासा झाला. दुर्बिणीतून मला एका बैलाचं शिंग फार जवळून आणि फार मोठं दिसलं, म्हणून मी ती खाली ठेवली. घोडी नाचत होती. समालोचकाने आमच्या सासऱ्यांचं नाव घेतलं, मग गावच्या सोसायटीच्या चेअरमनचं, मग आवाज चढवला, "झाली... झाली... भिर्रर्र!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही. जमीन हादरली, शेजारचा म्हातारा माझ्या खांद्यावर चढला, नाकात धूळ गेली, आणि गाडा वर पोचलेला होता. चार बैल एकाच वेळी चारी पायांनी हवेत असावेत असा एक क्षण मध्ये येऊन गेला. चिरंजीवांचं ॲप चालू करायचं राहूनच गेलं होतं.

कर्ण्यावरून आकडा आला. "अकरा सेकंद, ब्याण्णव पॉइंट! गाडा पहिल्या नंबरात!" गुलाल उडाला. हलगी वाजली. मेव्हणा धावत वर आला, त्याचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता. सौभाग्यवती मात्र उठल्या नव्हत्या. डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावर होता.

"अकरा कसले?" त्या खड्या आवाजात म्हणाल्या. पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. "बारा झाले. माझी सगळी पेरं संपली, आन मग आरोळी उठली. घड्याळ कोन धरतंय तिकडं?"

मेव्हण्याने गुलालाचा हात तोंडावर नेला आणि आजूबाजूला बघितलं.

"ताई, हळू बोल की," तो म्हणाला. "आपलाच गाडा हाये."